ओलीस राहिलेला भाऊ

“...आणि मग व्हिताउतासनं आपला सख्खा भाऊ शत्रूकडे ओलीस ठेवला.” इव्हॉन वाचता वाचता थांबली. “डॅडी, ऐकतोयस ना?”

कॉनराड ऐकत होता, पण अर्धा जीव फोनकडे होता. शाळेच्या प्रदर्शनासाठी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मैत्रिणींना फ्रान्स, इटली मिळाले आणि त्याच्या लेकीच्या वाट्याला आला मध्ययुगातला लिथुआनिया. आधी तिनं तोंड फुगवलं. आता घरात दुसरा विषय नव्हता. चर्चमधली शुक्रवारची मिसा आटोपून आल्यापासून मस्कतजवळच्या अल खौदमधल्या त्या दोन खोल्यांत तलवारी खणखणत होत्या.

“पुढे काय झालं?” त्यानं विचारलं.

पुढची कथा अशी. चुलतभावाशी बिनसलं म्हणून हा राजपुत्र मदत मागायला जर्मन धर्मयोद्ध्यांच्या दारात गेला. ते पक्के. नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो? त्यांनी जामीन म्हणून घरची माणसं मागितली. यानं भाऊ दिला. मग चुलतभावानं गुपचूप निरोप धाडला, राज्य देऊ केलं, तसा हा योद्ध्यांचाच किल्ला जाळून घरी परतला. भाऊ राहिला तिकडेच, कैदेत, कित्येक वर्षं.

“ही वॉज सो मीन,” इव्हॉन म्हणाली. “तरी त्याला ‘द ग्रेट’ म्हणतात!”

कॉनराड हसला नाही. जवळच रुसैलला तो ज्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळायचा तिथेही हीच रीत होती. कुणाला तातडीची रजा हवी असेल तर दुसऱ्यानं आपला पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात जामीन ठेवायचा. गेलेला परत आला की पासपोर्ट सुटायचा. कायदा वेगळं सांगतो म्हणे, पण मालकाला कायदा शिकवणार कोण? त्याचा धाकटा भाऊ डॅरेल त्याच फॅक्टरीत होता आणि सध्या कॉनराडचाच पासपोर्ट जामीन ठेवून वसईला आईकडे गेला होता.

आईनं अंथरूण धरलं होतं. दोघांना एकदम सोडायला अर्बाब तयार नव्हता. “आधी तू जा, तू धाकटा,” असं कॉनराड मोठेपणानं बोलून गेला आणि नंतर रोज पस्तावला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. उद्या डॅरेल येणार, मग हा जाणार. जेनेटनं नवऱ्याची बॅग कधीच भरून ठेवली होती. आई जिवंत असताना तिच्याजवळ जाऊन बसायचं, याखेरीज त्याला काही नको होतं.

फोन वाजला. त्यानं घाईघाईत स्पीकरच लावला.

“दादा, तिकीट काढलंय. आज रात्री निघतो,” डॅरेलचा आवाज ओला होता. “पण आई मला कॉनराड म्हणते रे. डॅरेल म्हणून ओळखतच नाही. माझा कॉनराड आला, असं येईल त्याला सांगते. पेज घेते ती माझ्याच हातून. जरा उठलो की हात धरते, म्हणते, कॉनराड, आता परत जाऊ नको. मी कसा निघू?”

कॉनराडला क्षणभर धाकट्याचा भयंकर राग आला. आपल्या वाट्याची आईसुद्धा यानंच घ्यावी! मग तो राग जसा आला तसा विरून गेला. आईच्या लेखी तिच्याजवळ तिचा थोरलाच बसला होता. आज रात्री तो उठून गेला असता, तर शेवटच्या वेळी तिला सोडून जाणारा कॉनराडच ठरला असता.

“निघू नकोस,” तो म्हणाला.

“आणि तुझा पासपोर्ट? मी आलो नाही तर अर्बाब तुला सोडायचा नाही, दादा. आई काही थांबायची नाही तोवर.”

“ठाऊक आहे मला. तू तिच्याजवळून हलू नकोस.”

इव्हॉननं कागद खाली ठेवला. बाप आता आजीला पुन्हा बघणार नाही, एवढं तिला कळलं होतं. ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

फोनमधून एक बारीक, दमलेला आवाज आला. “कॉनराड, कोणाशी बोलतोस रे?”

डॅरेलचे हुंदके तेवढे ऐकू येत होते.

कॉनराडनं डोळे पुसले, फोन तोंडाजवळ धरला आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाला, “आई, मी डॅरेल बोलतोय. मस्कतहून.”