पुढचं डावं चाक

"परत दाबा," शेजारच्या सीटवरून मेकॅनिक म्हणाला.

तिने ब्रेक दाबला. वर्कशॉपमागच्या गल्लीत गाडी जेमतेम सायकलच्या वेगाने जात होती. पायाखाली पेडल थरथरलं, खालून कर्रकर्र आवाज आला आणि गाडी दोन हात पुढे जाऊन मगच थांबली.

"हेच," ती म्हणाली. "त्या दिवशी अगदी हेच झालं होतं."

"पाय अर्धवट ठेवला की होतं असं," मागच्या सीटवरून नवरा म्हणाला.

पाच आठवडे ती हेच ऐकत होती. फाटक उघडायला उभ्या असलेल्या सासूबाईंना तिच्या हातून गाडी लागली होती. नडगीचं हाड मोडलं. तिने परोपरीने सांगितलं, ब्रेक दाबला होता, ब्रेकनेच पाय मागे ढकलला. मोठ्या सर्व्हिस सेंटरने दोनदा तपासून 'दोष आढळला नाही' असा कागद दिला. नवऱ्याने तो फ्रिजवर चिकटवला. सासूबाई तिच्याशी टोमण्यापुरतंच बोलत होत्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र प्लास्टरवर हात ठेवून सगळं पहिल्यापासून सांगत होत्या. आज ती हट्टाने इथे आली होती. नवरा आला होता तो, त्याच्याच शब्दांत, तिचं एकदाचं समाधान व्हावं म्हणून.

मेकॅनिकने मांडीवरचा लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर चार रंगांच्या चार रेघा होत्या, चार चाकांच्या वेगाच्या.

"आता बघा. बारा, दहा, आठ. तीन रेघा हळूहळू उतरतायत. आणि ही लाल?"

लाल रेघ आठवर येऊन एकदम शून्यावर आदळली होती.

"पुढचं डावं चाक. ते फिरतंय, पण कॉम्प्युटरला वाटतं जाम झालं. गाडी घसरू नये म्हणून तो ब्रेक सोडतो."

"म्हणजे मी दाबत होते आणि तो सोडत होता?"

"हो ताई."

"मग सर्व्हिस सेंटरला दिसलं कसं नाही?" नवऱ्याने विचारलं.

"उभ्या गाडीला विचारलं की ती म्हणते, मला काही झालं नाही. चालवून कुणी बघितलंच नसेल."

गाडी आत घेऊन त्याने चाक काढलं, आत टॉर्च मारला आणि तिला खाली वाकून बघायला लावलं. एक्सलवर बांगडीएवढी दातेरी रिंग बसवलेली होती. चाकाचा वेग तिच्यावरून मोजला जातो, तो म्हणाला. रिंग एका जागी चिरली होती. तिच्या शेजारी लोखंडावर हातोड्याचे ताजे वण होते.

"हे ठोकाठोकीचं काम कुणाचं? बेअरिंग बदललंय इथलं."

"नाही हो, आम्ही काहीच नाही..." म्हणताना तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

तो टॉर्चच्या उजेडाकडे बघत होता.

"ओळखीचा आहे एक," तो म्हणाला. "आवाज येत होता चाकाचा. तू माहेरी गेली होतीस तेव्हा करून घेतलं. छोटंसं काम होतं."

"म्हणजे आईंना लागायच्या आधी पंधरा दिवस."

"मला काय माहीत त्याचा ब्रेकशी संबंध असेल?"

"चाकाला हात लागलाय हे माहीत होतं ना? आणि तू मला रोज, पोरांसमोर, जेवताना विचारत होतास, नक्की कुठलं पेडल दाबलंस म्हणून?"

"ओरडू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत! महिनाभर मलाच बघतायत!"

रात्र रात्र जागून तिने स्वतःच्याच पायाला विचारलं होतं, बाबा रे, खरं सांग. शेवटी शेवटी तिचाही स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला होता.

नवरा जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "झालं ते झालं. रिंग बदलून घेऊ. पण आईला यातलं काही सांगू नकोस. आधीच तिचं दुखतंय, उगाच तिच्या जिवाला घोर."

पर्समधून फोन काढून तिने सासूबाईंचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

तीन रिंग झाल्या. मेकॅनिकने घरघरणारा कॉम्प्रेसर बंद केला.

"काय गं?" सासूबाईंचा आवाज शेडभर घुमला. "आज कुणाला धडकलीस?"

तिने फोन तसाच धरून ठेवला.