साहेबांची उसण

"दिसत तर नाही काही!" आरोग्य समितीचे सभापती स्टेजवर चढताच आम्हा तेवीस जणींना न्याहाळत म्हणाले. फायब्रोमायल्जिया म्हणजे काय ते लोकांना कळावं म्हणून वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्हीच हा मेळावा भरवला होता. अंगभर ठणका आणि रिपोर्ट नॉर्मल, असा हा आजार. साहेब तासभर उशिरा आले, पण आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मजेत होतो. दुखणं मनाचंच असल्यावर खुर्ची कशाला बोचेल?

भाषणात साहेबांनी फुकट उपचारही सांगितला. "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस नॉर्मल. कामात राहा. आमच्या आईनं जन्मभर दळलं-कांडलं, तिचं कधी काही दुखलं नाही." आईला त्यांनी तसं विचारलं होतं का, ते मात्र सांगायचं राहून गेलं.

मग सत्कार झाला. शाल खांद्यावर बसली, पण नारळ हातातून निसटला. तो उचलायला साहेब वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"आई गं! उसण भरली!"

क्षणात कुणी बाम काढला, कुणी गाडी दाराशी आणली, कुणी डॉक्टरांना फोन लावला. दिसत काहीच नव्हतं, तरी सगळ्यांना लगेच पटलं. माझ्या घरच्यांना पटायला अकरा वर्षं लागली होती.

आमच्यातल्या सर्वांत थोरल्या लोहारकाकूंची माईक धरताना बोटं दुखतात. तरी त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि अगदी मायेनं विचारलं, "साहेब, रिपोर्ट आणलाय का?"