मंद आचेवर

बाबांच्या पायाचं प्लास्टर निघून महिना झाला, तरी ते खाट सोडेनात. जन्मभर परांचीवर चढलेला गवंडी आता उंबरठ्याला घाबरत होता. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या लेकीने हाडांच्या बळकटीसाठी कोलॅजनची महागडी पावडर आणली. पहिल्याच घोटाला बाबांनी तोंड वाकडं केलं. "चुना कालवून पाजतेस का मला?"

मग आत्या आली. सकाळीच खाटकाकडून बकऱ्याच्या नळ्या आणून तिने मंद आचेवर चढवल्या.

"आत्या, कुकर लाव ना!"

"हाडांना घाई चालत नाही. तुझ्या पावडरीच्या डब्यात जे आहे ना, ते यातूनही उतरतं. सावकाश."

दुपारपर्यंत घरभर वास सुटला. आत्याने स्वयंपाकघरातूनच भावाला हाक मारली, "रस्सा झालाय रे! पण खाटेवर मिळणार नाही."

खाट करकरली. लेक धावणार, तोच आत्याने तिचा हात धरला. भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत बाबा ओट्यापाशी आले आणि उभ्यानेच दोन वाट्या रस्सा प्यायले.

लेकीचे डोळे भरून आले. "आत्या, इतक्या लवकर गुण आला?"

"वेडाबाई, तो चालत आला तेव्हा पोटात थेंब तरी गेला होता का?"