यंदा तोंडावर पडणारे संघ

“पहिले गतविजेते,” टीव्हीवरचा मेहुणा म्हणाला. “चषक काय मिळाला, अंगावर मांस चढलं. दुसरे बंदरवाले. तीन-तीन हिरे विकत घेतलेत, पण चेंडू एकच आहे हे विसरलेत. आणि तिसरे आमचे भाऊजी.”

स्टुडिओत हशा पिकला. इकडे घरी टीव्हीसमोर बसलेल्या कोचने हातातला कप खाली ठेवला.

“भाऊजींच्या संघाचा सगळा डोलारा एका खांबावर उभा आहे,” मेहुणा आता हसत नव्हता. “आणि त्या खांबाच्या उजव्या गुडघ्यात राम राहिलेला नाही. निम्मा सीझनसुद्धा तो काढणार नाही.”

बास्केटबॉलचा सीझन तोंडावर आला की कोणते संघ निराशा करणार हे सांगायला मेहुणा दरवर्षी टीव्हीवर बसायचा. त्याचं सहसा चुकत नसे. म्हणून खेळाडू त्याला काळजिभ्या म्हणत.

खांब म्हणजे कोचच्या संघाचा सेंटर. हे नाव कोचनेच ठेवलेलं. संघात प्रत्येकाला टोपणनाव होतं आणि लाड कुणाचेच नव्हते. हा कोचचा शिरस्ता होता, आणि खांबाच्या बाबतीत तो जरा जास्तच कडक होता.

“ऐकलेस भावाचे बोल?” कोचने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

“ऐकले,” बायको म्हणाली.

“गुडघ्याचं त्याला कुणी सांगितलं? तू?”

“मला कुणी काही सांगतं का या घरात?” तिने गॅस बंद केला आणि ती आत निघून गेली.

गुडघ्याचं फक्त तिघांना ठाऊक होतं. कोचला, फिजिओला आणि खुद्द खांबाला. सरावात उडी मारून खाली येताना खांबाचा गुडघा मुरगळला, तेव्हा कोचने पट्टी बांधायला लावली आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही असा दोघांनाही दम भरला. संघाच्या मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, यंदा प्लेऑफ गाठले नाहीत तर कोच बदलणार. आणि खांबावाचून प्लेऑफ म्हणजे दिवसा पडलेलं स्वप्न.

खांब बोलणं शक्यच नव्हतं. कोचसमोर त्याची मान वर होत नसे. उरला फिजिओ.

सकाळी सरावाच्या हॉलमध्ये सगळ्या संघादेखत कोचने त्याला गाठलं.

“काळजिभ्याने काय द्यायचं कबूल केलं तुला?”

“सर, मी बोललो नाही.”

“मग काय गुडघ्याने स्वतःच फोन केला?”

फिजिओने हातातला टॉवेल बाकावर टाकला. “बोलायला मात्र हवं होतं. जिना उतरताना कठडा धरावा लागतो त्याला. तुम्हाला सांगायला घाबरतो बिचारा.”

“घाबरटांनी घरी बसावं. आजपासून तूसुद्धा.”

फिजिओ गेला. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. खांब तेवढा पुढे आला.

“सर, त्यांचा काही...”

“तुला कुणी विचारलं? बास्केटखाली उभा राहा.”

कोच बोर्डवर चेंडू आपटत राहिला आणि खांब तो पकडायला उड्या मारत राहिला. शेवटी एकदा खाली येताना त्याने भिंतीचा आधार घेतला. कोचने नजर वळवली आणि शिट्टी वाजवली.

पण मेहुण्याचं बोलणं मालकांनीही टीव्हीवर ऐकलं होतं. दुपारी त्यांनी खांबाला तपासणीला पाठवलं आणि संध्याकाळी कोचला ऑफिसात बोलावून घेतलं.

“लिगामेंट फाटलंय,” मालक म्हणाले. “ऑपरेशन लागेल. असाच खेळत राहिला असता तर जन्माचा लंगडा झाला असता. तुम्हाला माहीत होतं?”

कोचने समोरचा तपासणीचा रिपोर्ट उलटा करून ठेवला.

“हॉलची किल्ली टेबलावर ठेवा. आणि या आता.”

तिथून तो थेट मेहुण्याच्या दारात गेला. बेल न वाजवता त्याने दारावर मुठी आपटल्या. मेहुण्याने दार उघडलं.

“या, भाऊजी.”

“पाहुणचाराला नाही आलो. माझ्या पोटावर पाय दिलास. कुणी सांगितलं तुला, बोल!”

“बातमी कुठून मिळाली ते मी सांगत नसतो.”

“माणूस आहेस की गिधाड? दरवर्षी कुणाचं मढं पडतंय याचीच वाट बघत बसतोस!”

“हळू बोला. आत कुणी झोपलंय.”

“कोण झोपलंय? तो फिजिओ ना? लपवून ठेवलायस त्याला?” कोचने त्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीशी रेटलं.

मेहुण्याने हात उचलला नाही. “मला वाटलं होतं, साऱ्या गावाने ऐकल्यावर तरी तुम्ही त्याला डॉक्टरकडे न्याल,” तो म्हणाला. “तुम्ही तर त्याला उड्या मारायला लावल्यात.”

“माझा खेळाडू आहे तो! मी त्याचं काय वाटेल ते करीन!”

आतलं दार उघडलं. काखेत कुबड्या घेऊन, चौकटीखाली मान वाकवत खांब बाहेर आला. त्याचा उजवा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांत आवळलेला होता.

“मामाला सोडा, बाबा,” तो म्हणाला. “त्याला मीच सांगितलं.”