तिसरं पाणी

दाराची कडी तिच्या हातातून जरा उशिराच सुटली.

लिफ्टचं बटण बोटाबरोबर किंचित बाहेर आलं.

चहाचा कप तिने खाली ठेवला, तरी तो बोटांना लागून राहिला.

ती प्रयोगशाळेत कामाला होती. विषाणू आपल्या अंगावरच्या प्रथिनांनी पेशीला धरतो. ज्याला धरायला पेशी सापडत नाही, तो, पेशी वाढवलेली बशी तीनदा धुतली की, पाण्याबरोबर निघून येतो. ते पाणी तपासायचं, हे तिचं रोजचं काम.

संध्याकाळी शाळेतून परतताना लेक म्हणाली, "आई, हात सोड ना. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तिने सोडला. पाचही बोटं पसरली. लेकीचा हात तिच्या तळव्याला तसाच लागून होता.

"पुरे गं आता गंमत. दुखतंय."

घरी येताच तिने दोघींचे हात नळाखाली धरले. पहिलं पाणी. दुसरं पाणी. लेक रडायला लागली होती. तिसऱ्या पाण्यानंतर दोन हातांमधली फट नेमकी कुठे होती, तेच तिला दिसेना.

त्या दिवशी सकाळी तिने चुकून एका रिकाम्या बशीत, पेशी नसतानाच, विषाणू सोडले होते. आणि तिन्ही पाण्यांत एकही विषाणू सापडला नव्हता.