बोर्गहिल्डचं ‘जा’

"जा, जा. आज समुद्र नुसता आरसा झालाय. येताना बोट बुडवूनच ये," बोर्गहिल्ड म्हणाली आणि तिने तव्यावरची कॉड माशाची तुकडी उलटली.

खिडकीबाहेर वारा धक्क्यावरची पिंपं लोळवत होता. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरच्या त्या गावात कुणी कुणाला ‘जाऊ नकोस’ म्हणत नाही. ‘जा’ म्हणतात आणि ऐकणारा मुकाट्याने बूट काढतो. बोर्गहिल्डने नवऱ्याला असंच सांभाळलं, दोन्ही मुलं अशीच वाढवली. गोड बोलणं तिच्या मते पाहुण्यांसाठी असतं.

"बरं," थोरला मुलगा तोरलाइफ म्हणाला. त्याने बूट चढवले, बोटीची किल्ली घेतली आणि निघाला.

ती गालात हसली. थोरला पुन्हा थट्टेला थट्टा करू लागला तर. मागच्या हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरली आणि दोघा भावांची डोकी एकाच खडकावर आपटली. तोरलाइफ डॉक्टरांच्या सगळ्या परीक्षा पास झाला. आकडे उलटे म्हटले, शब्द ध्यानात ठेवले. बोट चालवायला हरकत नाही, म्हणाले. धाकट्या आइविनला मात्र किटलीचं नाव आठवेना, न्याहारी झाली की नाही तेही आठवेना. एक अर्धा आला, पण एक अख्खा आला, असं बोर्गहिल्ड गावात ताठ मानेने सांगायची.

"आई," खिडकीतून बाहेर बघत आइविन म्हणाला. "तो ते... दोर. दोर सोडतोय."

"सोडू दे. नाटकं करतोय मेला."

"नाही. तुझं ते..." शब्द सापडेना. त्याने हाताचा पंजा पालथा केला, तव्यावरचा मासा उलटावा तसा. "हे. हे त्याला कळत नाही. त्याचं एवढंच गेलंय. सरळ बोल."

बोर्गहिल्ड सपातांनिशी धावली. धक्क्यावर आपापल्या बोटी आवळून बांधणारे सगळे थांबून बघू लागले. आयुष्यात कधी न उच्चारलेलं तोंडात येईना. मग तिने ते वाऱ्यावर ओरडूनच सांगितलं, "तोरलाइफ, वादळ आहे. जाऊ नकोस. मला तू जिवंत हवा आहेस."

त्याने दोर पुन्हा बांधला. गाठ पक्की होती.

"मग ‘जा’ कशाला म्हणालीस?"

"आता नाही म्हणणार. तुला तरी नाही." ती बघ्यांकडे वळली. "तुम्ही काय बघताय? जा, पोहून या सगळे."

तोरलाइफने काळजीने तिचा दंड धरला. "आई, गारठून मरतील ते."