चेनचा ठराव

टेबलावर एकोणीस दप्तरं होती. सतरा दप्तरांना आपल्याकडची चेन लावलेली, दोन दप्तरांना शेजारच्या देशातली. कटिंगमास्तरांनी प्रत्येक चेन पाचशे वेळा उघडून मिटली होती. आपल्याकडच्यांपैकी बारांचे दात निखळले होते, पाचांचे रनर हातात आले होते. शेजारच्या दोन्ही चेनी तेल घातल्यासारख्या सरकत होत्या.

"त्यांच्या दोनच का घेतल्या, मास्तर?" पट्टे शिवणाऱ्या ताईंनी विचारलं.

"उरल्याच दोन."

चेनची नवी मागणी शेजारच्या देशात पाठवायची की नाही, हे ठरवायलाच शिवणकेंद्राचे चौदाही सभासद मशीन बंद करून बसले होते. आधी शेजाऱ्यांनी आपल्या काचेवरचा कर वाढवला. मग आपण त्यांच्या सुतावर वाढवला. तिकडचा माल अजून मिळत होता, थोडा महाग पडत होता इतकंच. पण व्यापारी मंडळाने जाहीर केलं की ज्याच्याकडे शेजारचा माल, त्याच्या दारात कुणी पाऊल ठेवायचं नाही. बघता बघता साऱ्या रस्त्यावर 'इथे शेजारचा माल नाही' अशा पाट्या लागल्या. आत्ताही मंडळाचे दोघे एक पाटी आणि हातोडी घेऊन दाराबाहेर उभे होते. ठराव झाला की ठोकायची, एवढंच त्यांचं काम होतं.

मास्तर म्हणाले की देश त्यांनाही प्यारा आहे. पण पोराचं दप्तर भर रस्त्यात उघडं पडलं, तर त्याची आई शेजाऱ्याला नाही, शिवणाऱ्याला शिव्या घालते. चार शाळांची दप्तरं परत आली की पाचवी शाळा आपल्याला दारात उभं करणार नाही. मग ही चौदा मशीनं भंगारात घाला. कुणी मानही हलवली नाही. खिडकीतून बाहेरच्यांना आतलं सगळं दिसत होतं.

मास्तर त्याने खचले नाहीत. गेल्या आठवड्यात एकेक जण त्यांना गाठून गेला होता. पॅकिंगवाल्या बाई नळावर कुजबुजल्या, की मास्तर, तुमचंच बरोबर आहे हो. पट्टेवाल्या ताई कात्री परत द्यायच्या निमित्ताने तेच सांगून गेल्या. हिशेबनीस तर दोन्हीकडे बघून, घसा खाकरून, अर्धंच वाक्य बोलला, पण ते पुरेसं होतं. कापडावर खडूने खूण करावी तशी मास्तरांनी प्रत्येकाची मनात खूण केली होती. घरातली दोन धरून अकरा मतं भरत होती. लागत होती आठ.

घरातलं दुसरं मत बायकोचं. तिचं मशीन मास्तरांच्या टेबलाला लागूनच होतं. तिचा भाऊ तीन महिन्यांपासून त्यांच्याकडे बाहेरच्या खोलीत राहत होता. काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता तो. शेजाऱ्यांनी काच घेणं थांबवलं आणि भट्टी विझली. भट्टी विझली की आतली काच थिजते, मग भट्टी फोडूनच काढावी लागते, हे तो रोज जेवताना सांगायचा. ऐकून ऐकून मास्तरांना ते पाठ झालं होतं. "पाहुणा तीन दिवसांचा, मेहुणा तीन महिन्यांचा," असं ते काल त्याच्यासमोरच म्हणाले, तेव्हा सगळ्यांत आधी हसला तो मेहुणाच. बायको ताटं उचलून आत गेली होती.

आज सकाळी निघताना मास्तरांनी तिला अकरा मतांची बेरीज मांडून दाखवली. "बेरीज तुम्हाला छान येते," ती म्हणाली आणि कुलूप लावायला वळली.

केंद्राच्या अध्यक्षा म्हणजे सगळ्यांच्या मावशी. त्यांनी खिडकीकडे एकदा पाहिलं आणि शेजारचा माल नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं सांगितलं. सात-आठ हात उठूही लागले. मास्तर झटकन उभे राहिले.

"हात नको, मावशी. चिठ्ठ्या टाकू. हात खिडकीकडे बघून वर होतो. चिठ्ठीत माणूस खरं बोलतो."

मावशींनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं. हिशेबनिसाने कागदाचे चौदा तुकडे केले. बंदी हवी असेल तर 'होय', नको असेल तर 'नाही'. मास्तरांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. बायकोकडे पेन नव्हतं. तिने त्यांचंच मागून घेतलं, तळहाताच्या आडोशाने लिहिलं, चिठ्ठीची घडी घातली आणि टोपण लावून पेन परत दिलं.

हिशेबनीस एकेक चिठ्ठी उघडून वाचू लागला. पहिली होय. दुसरी होय. तिसरी नाही, खाली रेघ ओढलेली. त्यानंतर होय, होय आणि पुन्हा होय. मास्तरांनी पॅकिंगवाल्या बाईंकडे पाहिलं. त्या साडीवरचे दोरे वेचत होत्या. ताई छताकडे बघत होत्या. आठवा होय पडला तशा मावशी म्हणाल्या, झालं, ठराव मंजूर, आता पुढच्या वाचून काय करायचंय.

"सगळ्या वाचा," मास्तर म्हणाले. "किती जण माझ्याबरोबर होते, तेवढं तरी कळू दे."

बायको उठली, मशीनवर झाकण ठेवलं आणि पिशवी खांद्याला लावून उभी राहिली. हिशेबनिसाने उरलेल्या पाच चिठ्ठ्या उघडल्या, सगळ्या पुन्हा एकदा मोजल्या आणि आकडे फळ्यावर लिहिले.

बाजूने तेरा. विरोधात एक.